मल्लूअण्णांची पाच गाठींची कन्नी

एकतीस वर्षे मी इतरांच्या लेखनावर लाल शाईने खुणा केल्या. त्या काळात स्वतः लिहिले ते प्रयोगवह्यांवरचे शेरे आणि रजेचे अर्ज. अशा व्यक्तीने निवृत्तीनंतर एकाएकी कुणाचे व्यक्तिचित्र रेखाटायला बसावे, याला धाडस म्हणत नाहीत, आगाऊपणा म्हणतात, हे मी जाणते. त्यातून ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्यांना लिहिलेल्या शब्दाचे मुळीच कौतुक नव्हते. "कागद कोरा असतोय तवर हलका," असे त्यांचे मत होते. "शाई चढली की उडत न्हाय." तेव्हा वाचकांनी आधीच क्षमा करावी. हा कागद उडणार नाही, याची मला खात्री आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी शहराबाहेर तळ्याकाठी, कळंब्याला राहायला आले. शहरातल्या एका महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवत असे. म्हणजे फळ्याकडे तोंड करून, पहिल्या बाकापर्यंत जेमतेम पोचेल अशा आवाजात बोलत असे. एका वर्षी मला वाटले की पतंगावर कार्य करणारी बले मुलांना प्रत्यक्ष दाखवावीत. पंधरा विद्यार्थी घेऊन मी तळ्याच्या बांधावर गेले. पतंग तीन वेळा नाकावर आपटला. मुले सुसंस्कृत होती. ती तळ्यातल्या बगळ्यांकडे पाहू लागली.

बांधावर एक गृहस्थ शेंगा फोडत बसले होते. पन्नाशीचे, काळेसावळे, रुंद हाडाचे, डोक्यावर पांढरी टोपी. त्यांनी एक शेंग संपवली आणि हाक दिली.

"पावणं, पतंग आजारी हाय. त्याला कशापायी पळीवताय?"

मी संकोचाने माझी वही पुढे केली. तिच्यात बाण काढलेली सुबक आकृती होती. त्यांनी ती उलटीसुलटी पाहिली.

"चित्र झ्याक हाय. पतंगाला दावलं का?"

मग त्यांनी टोपी काढली. खाली संपूर्ण, निष्कलंक टक्कल होते. ते तसेच वाऱ्याकडे धरून ते क्षणभर डोळे मिटून उभे राहिले. पुढे मला कळले की ही टोपी ते देवळात काढत नसत, साहेबासमोर काढत नसत, मयतीलाही काढत नसत. फक्त वाऱ्यासाठी काढत. "केस मधी आलं की वारं खोटं सांगतंय," असे त्यांचे म्हणणे होते. टोपी परत चढवून त्यांनी पतंग घेतला, कन्नीची गाठ दाताने सोडली, किंचित खाली सरकवली, पुन्हा आवळली आणि पतंग माझ्या एका विद्यार्थिनीच्या हातात दिला. तो जिन्याच्या पायऱ्या चढावा तसा वर गेला.

"बाई," ते मला म्हणाले, "तुमचं समदं बराबर हाय. फकस्त दोन तांदूळ चुकलं."

लांबी मोजायचे हे त्यांचे माप. गाठ एक तांदूळ वर, दीड तांदूळ खाली. मी पंधरा विद्यार्थ्यांसमोर त्यांना "सर" म्हणाले. त्यांनी मागे वळून पाहिले, कुणी आले आहे काय म्हणून.

हे मल्लूअण्णा. माझ्या गल्लीतले, तीन घरे सोडून राहणारे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ते पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याचा हुबेहूब नमुना आधी लाकडात कोरायचा, तो वाळूत दाबून साचा घ्यायचा, आणि त्या साच्यात तापलेला रस ओतायचा. लाकडात कोरणारा तो पॅटर्नमेकर. या कामातली मेख अशी की ओतलेले लोखंड थंड होताना आकसते. म्हणून नमुना मुळातच थोडा मोठा करावा लागतो. किती मोठा, याची पट्टी निराळी असते. अण्णांनी ती पट्टी आयुष्याला लावली होती. कुणीही काही सांगितले की ते त्यातून आकसायचे वजा करत. शेजारच्याने मुलाला नव्वद टक्के मिळाल्याचे सांगितले, की अण्णा विचारत, "थंड झाल्यावर किती?" भाचीला पाहायला आलेल्या मुलाच्या वडिलांनी दहा एकर बागायत सांगितली, तेव्हा अण्णांनी चहाचा कप खाली ठेवून गंभीरपणे म्हटले, "म्हंजे सात धरूया." स्थळ मोडले. पुढे चौकशीत साडेसहा निघाली, आणि अर्ध्या एकराने हिशेब चुकल्याची हळहळ अण्णांना कित्येक दिवस होती.

फौंड्रीच्या वार्षिक सभेत मालकांनी एकदा सांगितले की आपण सर्व एक कुटुंब आहोत. अण्णा मागून उठले आणि नम्रपणे म्हणाले, "साहेब, ह्यात आकसायचं किती धरायचं?" परिणामी त्यांची बदली महिनाभर भांडारात झाली. तिथे त्यांनी नटबोल्टांच्या पेट्यांवर बसून पतंग केले. महिन्याने एका पंपाचे तोंड दर खेपेला वाकडे ओतले जाऊ लागले, आणि साहेब स्वतः भांडारात त्यांना बोलवायला आले. अण्णा गेले, पण हातातला पतंग पुरा करून.

आता कन्नीविषयी सांगायला हवे, कारण त्याशिवाय अण्णा कळणार नाहीत. पतंगाला वर एक आणि खाली एक अशा दोन ठिकाणी जो दोऱ्याचा गळपट्टा बांधतात ती कन्नी. उडवायचा मांजा या गळपट्ट्याला बांधतात. मांजाची गाठ डोक्याकडे सरकवली की पतंग वाऱ्यापुढे मान खाली घालतो, वारा वरून निसटतो, ओढ कमी होते. ती शेपटाकडे सरकवली की पतंग छाती काढून उभा राहतो आणि मंद वारासुद्धा त्याला धरतो. सोसाट्याच्या वाऱ्यात छाती काढली तर कामट्या मोडतात. मंद वाऱ्यात मान खाली घातली तर पतंग बसतो. एवढेच शास्त्र. मी ते वर्गात दोन तासिकांत शिकवत असे.

अण्णा वावडी उडवत. वावडी म्हणजे माणसाच्या उंचीचा, जाड दोरीवर चालणारा दांडगा पतंग. तिची गाठ दरवेळी सोडून बांधणे जिकिरीचे, म्हणून त्यांनी कन्नीवर कायमच्या पाच गाठी मारून ठेवल्या होत्या. वारा बघायचा आणि दोरीचा फासा त्या त्या गाठीमागे अडकवायचा. पाचही गाठींना माणसांची नावे होती. डोक्याकडची सगळ्यात वरची, वादळी वाऱ्याची, ती त्यांच्या पत्नीची, गिरिजाक्कांची. "ह्या गाठीवर वावडीनं मान खाली घालायची आन् गप उभं ऱ्हायचं. लढाय गेली की मोडली." तिच्या खालची साहेबाची: झोत येतो, जातो, मागे काही राहत नाही. मधली व्याह्याची, हा वारा बाराही महिने एकाच सुरात बोलतो आणि कंटाळा आणतो, पण दगा देत नाही. चौथी तलाठ्याची, कारण तो वारा असतो, दिसतो, पण मनात असेल तरच कामाला लागतो. शेपटाजवळची, सगळ्यात मंद वाऱ्याची गाठ पहिली काही वर्षे बिननावाची होती.

ती मला मिळाली. "आज बाईंचं वारं हाय," असे अण्णा गल्लीत मोठ्याने म्हणत. "हाय हाय म्हणतंय, पर ऐकू येत न्हाय." मी राग धरला नाही. आयुष्यात माझ्या नावाने दुसरे काही बांधले गेलेले नाही.

त्यांची कीर्ती वाढली तेव्हा मी धीर करून त्यांना महाविद्यालयात बोलावले. प्राचार्य अध्यक्षस्थानी होते. त्यांनी अण्णांचा परिचय "ग्रामीण भागातील एक होतकरू कलावंत" असा करून दिला. अण्णा तेव्हा चोपन्न वर्षांचे होते. अण्णांनी खुर्ची नाकारली, टेबलावर वावडी आडवी ठेवली आणि गाठी समजावल्या. मुले हसून बेजार झाली. प्राचार्यांनाही हसण्यात सामील व्हावेसे वाटले.

"मग अण्णा, माझ्या नावाची गाठ कोणती?"

अण्णांनी त्यांच्याकडे निरखून पाहिले.

"तुमास्नी गाठ न्हाय, साहेब. तुमी शेपूट."

अण्णा शांतपणे पुढे म्हणाले, "शेपटाबिगर वावडी सरळ ऱ्हात न्हाय. फकस्त शेपटाला वाटतंय की आपुनच उडीवतोय."

त्यानंतर माझी पदोन्नती तीन वर्षे लांबली. त्या वाक्याची योग्यता पाहता तीन वर्षे जास्त नव्हती.

देवाधर्माच्या बाबतीत अण्णांचा व्यवहार असाच रोखठोक होता. गळ्यात इष्टलिंग होते, कपाळी रोज भस्म होते. पण जोतिबाच्या डोंगरावर पाहुणे घेऊन गेले की ते देवळाच्या बाहेरच पठारावर थांबत. पाहुणे दर्शन घेऊन आले की हे वाऱ्याकडे तोंड करून उभे. "अण्णा, दर्शन घेत न्हाय व्हय?" असे विचारले की म्हणत, "हितनंच नमस्कार सोडलाय. वारं लई हाय, पोचला असंल." एकदा त्यांचा पतंग कटून कळंब्याच्या तुरुंगाच्या भिंतीआड पडला. अण्णा थेट दारावर गेले आणि पहारेकऱ्याला म्हणाले, "आमचा एक आत हाय. गुन्हा कायबी न्हाय. सुटका कवा?" पहारेकरी भला माणूस होता. त्याने लेखी अर्ज मागितला. अर्ज मी लिहून दिला, "सदर पतंग अनवधानाने आवारात प्रविष्ट झाला असून" अशा भाषेत. पतंग सुटला. माझ्या लेखनाचा कुणाला उपयोग झाल्याचे ते एकमेव उदाहरण.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी अण्णा निवृत्त झाले, आणि त्यांच्या घरात एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. गिरिजाक्का उंच, मोजके बोलणाऱ्या. त्यांचे माहेर संकेश्वराच्या पलीकडे, कानडी मुलुखात. भाऊ नसल्याने वडिलांमागे घर आणि घराला लागून असलेले किराणा दुकान त्यांच्याकडे आले होते. तीन वर्षे ते बंद होते. दर महिन्याला त्या एसटीने जात, अंगण झाडत, कुलपात तेल घालत आणि परत येत. कुलूप गंजू नये एवढ्यासाठी सहा तासांचा प्रवास करणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

एके संध्याकाळी मी त्यांची चाळणी परत करायला गेले होते. बाहेरच्या सोप्यात दोघांचे चालले होते.

"आता तरी चला की," अक्का म्हणाल्या. "कुलूप किती दिवस माझी वाट बघंल?"

"तितं वारं न्हाय," अण्णा म्हणाले. "नुसती हवा हाय. श्वासापुरती."

"छत्तीस वर्सं तुमच्या वाऱ्यात ऱ्हायले. आता तुमी माझ्या हवेत या."

अण्णा उठून गच्चीवर गेले. मी चाळणी हातात धरूनच उभी राहिले.

त्याच सुमारास गोव्याच्या हॉटेलात नोकरी करणाऱ्या त्यांच्या भाच्याने एक इंग्रजी मासिक आणले. त्यात चित्र होते: समुद्रावर एक गोरा तरुण, पायाखाली फळी, कमरेला पट्टा, आणि वर कमानीसारखा वाकलेला प्रचंड पतंग त्याला ओढत नेतो आहे. गल्लीतल्या सगळ्यांनी तो तरुण पाहिला. अण्णांनी भिंग आणून दोऱ्या पाहिल्या.

"बाई, ह्या चार हायत. म्होरल्या दोन वजन धरत्यात. मागल्या दोन ह्या दांडीला हायत. दांडी सोडली की मान खाली, वढली की छाती." त्यांनी भिंग खाली ठेवले. त्यांचा आवाज एकदम हळू झाला होता. "ह्येनं पाचबी गाठी हातात घेतल्या की हो. वावडी खाली न उतरवता."

मी मागून वाकून पाहिले. खरे होते. वारा जसा बदलेल तशी कन्नी, उडत असतानाच. मला पदवी होती, मासिक वाचता येत होते, आणि मी तो तरुणच पाहत बसले होते.

"असल्या वावडीनं मी कळंब्याचं तळं पार करनार," अण्णांनी आतल्या दिशेने जाहीर केले.

गिरिजाक्का भाकरीचे पीठ हाताला तसेच ठेवून बाहेर आल्या.

"ठरलं मग. पार गेलात तर कुलपाचं नाव काढणार न्हाय. न्हाय गेलात, तर दिवाळीच्या आत माझ्या मागनं यायचं. आन् वावडी हितंच ठिवायची."

"ठरलं."

"बाई, तुमी साक्षीला."

मी मान हलवली. आयुष्यातल्या बहुतेक गोष्टींना मी अशीच मान हलवली आहे.

दोन महिने अण्णा गच्चीवर होते. चिव्याच्या बांबूच्या कामट्या तासल्या, जुन्या छत्र्यांचे काळे कापड उसवून शिवले. दोन दोऱ्या मासे धरणाऱ्यांकडून आणल्या. एक वावडीच्या डोक्याला, ती कमरेच्या पट्ट्याला; दुसरी शेपटाकडच्या टोकाला, ती सागवानी दांडीला. दांडी छातीशी ओढली की वावडी वाऱ्यात छाती काढून उभी. हात लांब सोडला की मान खाली. चाचणीच्या वेळी त्यांनी स्वतःला बांधावरच्या कडुलिंबाच्या झाडाला बांधून घेतले. झोत आला, झाड करकरले, अण्णांनी हात लांब सोडला आणि वावडी मेंढरासारखी गप झाली. त्यांनी ते वीस वेळा केले. प्रत्येक वेळी ते माझ्याकडे पाहत, आणि मी, खोटे का सांगू, टाळ्या वाजवत असे.

राहिला प्रश्न बसायचे कशात. मासे धरणारे त्यांची निमुळती होडी द्यायला तयार होते. अण्णांनी ती नाकारली आणि चुलतभावाच्या गुऱ्हाळातून काहील आणली: उसाचा रस आटवायची लोखंडी, गोल, उथळ, खोलीभर पसरणारी कढई. आमच्याकडे पुराच्या दिवसांत माणसे, म्हशी, नवरदेवसुद्धा काहिलीतून पलीकडे गेलेले आहेत. तिच्यावर आमचा जेवढा विश्वास आहे तेवढा होडीवर नाही.

"होडीला तोंड असतंय," अण्णांनी मला समजावले. "ती आपल्या मनानं जाती. काहिलीला तोंड न्हाय. ती वावडीचंच ऐकंल." मग ते थांबले. "बाई, तुमच्या पुस्तकात ह्याला काय आडवं येतंय का?"

येत होते. ज्याला तोंड नाही त्याला दिशाही नसते. गोल भांड्याच्या तळाला पाणी कापणारी धार नाही. ते ओढले जाईल, पण जाताना स्वतःभोवती फिरेल, आणि दोन दोऱ्यांना पीळ बसेल. पीळ बसला की दांडीचा उपयोग संपला. हे मला उत्तरपत्रिकेतल्या चुकीइतके स्वच्छ दिसत होते. त्यांनी काहिलीला बाहेरून पांढरा रंग दिला होता. तो अजून ओला होता. गल्लीतली माणसे भोवती उभी होती. आणि दहा-बारा वर्षांत त्यांना कुणी "अण्णा, चुकलं" म्हटलेले मी ऐकले नव्हते.

"पाहू या," मी म्हणाले.

"ऐकू आलं न्हाय."

"पाहू या की."

ज्येष्ठ सरत आला होता, पाऊस लांबला होता, तळे निम्म्यावर आले होते आणि दुपारी पश्चिमेचा वारा धरत असे तो संध्याकाळी सहाच्या सुमाराला पडत असे. अण्णांना हे वेळापत्रक पाठ होते. चारला निघायचे, पाचला पलीकडे. बांधावर भेळेचा गाडा आला होता, यावरून बातमी किती पसरली होती हे कळावे. अक्कांनी नवऱ्याच्या काखेखाली हवा भरलेली ट्यूब स्वतः अडकवली, ओढून पाहिली आणि बाजूला झाल्या.

"अण्णा, पलीकडनं गूळ धाडा," गर्दीतून कुणी ओरडले.

"तू हितं ऊस चावत बस, धाडतो," अण्णा म्हणाले आणि त्यांनी दांडी छातीशी घेतली.

काळी वावडी उभी राहिली. काहील निघाली. खरोखर निघाली, मागे पाण्याची रेघ सोडत, पन्नास-साठ पावले सरळ. बांधावर कुणी बोलेना. कळंब्याच्या इतिहासात एवढे लोक एकत्र जमून गप्प राहिल्याचे हे बहुधा पहिलेच उदाहरण असावे. मग काहील हळूच उजवीकडे वळली. मग आणखी वळली. अण्णांची पाठ पलीकडच्या काठाला आणि तोंड आम्हांला झाले. त्यांचा चेहरा मला दिसला. त्यावर भीती नव्हती. एखाद्या सभ्य गृहस्थाने भलत्याच घरात शिरल्यावर दिसतो तसा तो होता.

काहील फिरत राहिली. दोऱ्या एकमेकींवर चढल्या, दांडी मुकी झाली, आणि वावडी छाती काढलेल्या अवस्थेत अडकली. तेव्हा अण्णा उठून उभे राहिले आणि त्यांनी काहिलीच्या आत, तिच्या फिरण्याच्या उलट, पाऊल पाऊल फिरायला सुरुवात केली. काहील उजवीकडे, अण्णा डावीकडे. पीळ सुटला. काहिलीने वेग घेतला, अण्णांनी घेतला. साठीचा माणूस गुळाच्या कढईत, पाण्याच्या मधोमध, काखेत ट्यूब अडकवून, घाण्याच्या बैलासारखा उलटा फिरतो आहे, आणि त्याने फिरायचे थांबवले तर सगळे संपेल. लोक हसू लागले. मग शिट्ट्या सुरू झाल्या. मग, का कोण जाणे, त्या शिट्ट्यांचा सूर बदलला आणि माणसे त्यांच्या पावलांबरोबर टाळ्या देऊ लागली. गिरिजाक्का तेवढ्या टाळ्या देत नव्हत्या. त्यांनी पदराचे टोक दातांत धरले होते.

पण फिरण्यात वेळ गेला. पाच वाजून गेले, साडेपाच झाले. सहाला वारा पडला, वेळेवर. वावडी पाण्यावर अंग टाकून पसरली. पलीकडचा काठ जवळच होता.

तिथे पाणी कमरेइतके होते. अण्णा उतरून चालत जाऊ शकत होते. मासे धरणाऱ्यांनी दोर फेकायची तयारी दाखवली. त्यांनी हाताने नको म्हटले आणि ते काहिलीत मांडी घालून बसले, वाऱ्याची वाट बघत. गिरिजाक्का बांधावरून निघाल्या, तळ्याला अर्धा वळसा घालून पलीकडे गेल्या. मी त्यांच्या मागे होते. त्या काठाच्या चिखलात उभ्या राहिल्या. सूर्य टेकला होता.

"आलात की," त्या म्हणाल्या. "उतरा आता."

"वीस पावलं हायत अजून."

"मी मोजली न्हाईत."

"मी मोजली."

अक्का कानडीत पुटपुटल्या, "होगली बिड्री." जाऊ द्या, सोडा. अक्कांनी जिंकणे नवऱ्याच्या पुढ्यात ठेवले होते. नुसता हात पुढे करायचा होता. अण्णा सूर्य पूर्ण बुडेपर्यंत बसून राहिले. मग पाण्यात उतरले, कमरेइतक्या पाण्यातून चालत आले आणि सागवानी दांडी त्यांनी पत्नीच्या हातात दिली.

"दिवाळीच्या आत," ते म्हणाले.

ते दसऱ्याला अक्कांच्या गावी राहायला गेले. वावडी कुठे गेली ते मला ठाऊक नाही. काहील गुऱ्हाळात परत गेली. पांढऱ्या रंगाचा वास लागलेला गूळ त्या हंगामात कुणी घेईना, असे ऐकले.

दोन वर्षांनी मी एसटीने त्यांच्या गावी गेले. दोन वर्षे मला एक वाक्य जमवायला लागली होती. दुकान उघडे होते, चौकटीवर तेल लावलेले कुलूप खिळ्याला टांगलेले. अक्का गल्ल्यावर होत्या, अंगाने भरलेल्या दिसत होत्या; तीन बायकांशी एकाच वेळी कानडीत बोलत होत्या. अण्णा मागे तुरडाळ चाळत होते. थोडे वाळले होते. मला पाहून त्यांनी पोत्यावरची धूळ झटकून जागा केली.

"बसा, बाई. कळंब्याला पानी किती हाय?"

"बांधाला लागलंय," मी म्हणाले. आणि मग, धीर जाण्यापूर्वी, माझ्या मानाने पुष्कळ मोठ्याने म्हणाले, "अण्णा, काहील फिरणार हे मला आदल्या दिवशी माहीत होतं. तुम्ही विचारलंत, आणि मी सांगितलं नाही. होडी घेतली असती तर तुम्ही पाचला पोचला असता."

चाळणी थांबली. ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग हसले, मोठ्याने नाही.

"चाळीस वर्सं लाकूड गोल तासलं, बाई. गोल जिन्नस गरगरतंय, हे मला ठावं नसंल व्हय?"

"मग—"

"अक्का छत्तीस वर्सं आलती माझ्या मागनं," ते म्हणाले. "आता माझी पाळी हुती. पर मानूस हरल्याबिगर निघत न्हाय."

तेवढ्यात अक्का चहा घेऊन आल्या. अण्णा लगेच डाळीतले खडे वेचू लागले आणि यंदाची डाळ कशी किडकी आहे यावर बोलू लागले. पुढे तासभर मी तिथे होते, पण तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मी निघाले तेव्हा ते थांब्यापर्यंत आले. गाडी सुटली, मी मागच्या काचेतून पाहिले. रस्त्याच्या कडेला उभे राहून ते कुणा गिऱ्हाइकाला कानडीत काहीतरी झाडत होते, आणि तो मनुष्य पोट धरून हसत होता. ती आमची शेवटची भेट.

तेव्हापासून मी हे तोलून पाहते आहे. ज्याला हरायचेच आहे तो माणूस दोन तास कढईत उलटा फिरेल काय, आणि सूर्य बुडेपर्यंत वाऱ्याची वाट पाहील काय? की वीस पावले मोजून हरणे हीच त्याची रीत होती? की यातले काहीच नव्हते, आणि एका भित्र्या शेजारणीने दोन वर्षांनी आणून टाकलेले ओझे त्यांनी नुसते तिच्या डोक्यावरून उतरवले? मला ठरवता आलेले नाही. तुम्ही सांगा, अण्णा त्या दिवशी माझ्याशी खरे बोलले असतील का?